एकशे सोळा फूट

क्लिओफस पेटवेने टेप तिसऱ्यांदा ताणली. तिसऱ्यांदाही एकशे सोळाच आले.

शाळेच्या मैदानामागे, प्रेक्षकांच्या लोखंडी बाकांना लागून, डांबराचा एक लांब पट्टा आहे. त्यावर दोन पांढऱ्या रेघा. मधलं अंतर चाळीस यार्ड, म्हणजे एकशे वीस फूट. पोरं एका रेघेवरून सुटतात, दुसरीवर पोचतात, आणि कोच डनवुडी त्यांची वेळ घेतो. रेघा क्लिओने स्वतः मारलेल्या, एप्रिलमध्ये. आता नोव्हेंबर संपत आला होता, रंग उडाला होता, म्हणून तो नवा हात द्यायला आला होता. बायकोने वाढदिवसाला दिलेली कोरी टेप सहज लावून पाहिली. एवढंच निमित्त.

तो उठला. गुडघे वाजले. शेवटच्या रेघेच्या पुढे चार फूट चालून गेला आणि तिथे उभा राहिला.

कागदाच्या कारखान्यात त्याने अडतीस वर्षं पाइप बसवले होते; निवृत्तीनंतर तो शाळेचं मैदान राखायचा. चार फुटांची चूक म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आठ इंची पाइप आखूड कापला गेला तर फोरमन तो भंगारात टाकायला लावायचा, आणि मग तुमच्याकडे असा बघायचा की पाइपापाठोपाठ तुम्हीही जावं. क्लिओकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. सत्तरी ओलांडली तरी या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. बाकी फारसा कशाचा नव्हता.

तो शेडमध्ये गेला. जुनी टेप खिळ्याला टांगलेली होती. शंभर फुटी, कापडी, कडा काळ्या पडलेल्या. तिचे पहिले दोन फूट मार्चमध्ये गवत कापायच्या यंत्रात गेले होते. टेप फेकायची कशाला? टोक तुटलं की कामगार दोनच्या आकड्यापासून मोजायला लागतो आणि शेवटी दोन फूट जास्त धरतो. कारखान्यात अशा वेळी मोजणारा ओरडायचा, "दोन खाल्ले!" आणि पलीकडचा टोक धरणारा तेच परत ओरडायचा, "दोन खाल्ले!" पलीकडून आवाज आल्याशिवाय खूण करायची नाही, असा नियम होता. हात तुटला तरी नियम मोडायचा नाही.

एप्रिलमध्ये पलीकडे कुणी नव्हतं. क्लिओने टेपचं टोक विटेखाली दाबलं होतं. विटेने काही परत ओरडलं नाही. टेप शंभर फुटी, अंतर एकशे वीस, म्हणून दोनदा लावावी लागली. दोन्ही वेळा दोनपासून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा वरचे दोन धरायचे राहिले. दोन आणि दोन चार.

त्या चार फूट आखूड पट्ट्यावर ट्रेमेन लाइल्स चार-अडतीस पळाला होता.

चार सेकंद आणि वर अडतीस शतांश. या भागात हा आकडा आता जन्मतारखेसारखा पाठ होता. चेंडू काखेत दाबून पळणारी, अंगावर झेपावणाऱ्यांना चुकवणारी पोरं अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी निघतात. पण अलाबामाच्या या कोपऱ्यात चार-अडतीस कुणी ऐकला नव्हता. खेळाडूंचा दर्जा पाचपैकी ताऱ्यांत मोजतात; त्याआधी ट्रेमेनला तीन तारे होते. तारे देणारे लोक दूर कुठल्यातरी ऑफिसात बसतात. एप्रिलनंतर दोन आठवड्यांत चार झाले, जूनमध्ये पाच. भाड्याच्या गाड्यांतून कॉलेजांची माणसं येऊ लागली. पेट्रोल पंपाच्या फलकावर अक्षरं लागली: "शाब्बास ट्रेमेन ४.३८. गरम उकडलेल्या शेंगा."

ट्रेमेनची आई व्हर्नेटा म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करते. नवरा नाही, हा एकच पोरगा. चर्चमध्ये तिने क्लिओचे दोन्ही हात धरले होते. "मिस्टर क्लिओ, तुमच्या रेघांनी माझ्या पोराचं नशीब काढलं." आणि लोण्याचा मोठा केक आणून दिला. तो केक क्लिओने आठवडाभर पुरवून खाल्ला. 

बारा दिवसांनी सहीचा बुधवार होता. ट्रेमेन शाळेच्या जिममध्ये सगळ्यांसमोर बसणार. टेबलावर दोन टोप्या. लाल टोपी राज्यातल्या बड्या विद्यापीठाची, निळी किनाऱ्याकडच्या लहान कॉलेजची. जी घालेल तिकडे जायचं. शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं. लाल टोपीवाल्यांकडे प्रत्येक जागेला असे पाच ताऱ्यांचे चार-चार जण. तिथे गेल्यावर पोरगा सावकाश निघाला तर ते त्याला कोपऱ्यात बसवतील, वर्षा-दोन वर्षांत वाटेला लावतील. तोवर निळ्यांकडची जागा दुसऱ्याची झालेली असेल.

*

त्याची बायको एर्नेस्टीन मागच्या ओट्यावर अक्रोडासारखे पेकन हातोडीने फोडत बसली होती. तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. मागे न बघता कोण काय करतंय ते तिला कळतं.

"माझी एक चूक झाली," क्लिओ म्हणाला.

"एकच?"

त्याने सगळं सांगितलं. ती फोडत राहिली.

"चार फूट म्हणजे वेळात किती?"

त्याने चर्चच्या पत्रकामागे मांडलेलं गणित दाखवलं. "सेकंदाचे पंधरा शतांश."

"म्हणजे?"

"डोळा मिटून उघडेपर्यंत."

एर्नेस्टीनने डोळा मिटून उघडला. "एवढ्यावर पाच तारे?"

"याहून कमीवर मिळतात."

"मग तो खरा किती पळाला?"

"चार-त्रेपन्न धर."

"हे हळू आहे?"

"माणसासाठी नाही. पाच ताऱ्यांसाठी आहे."

"क्लिओ, चार-त्रेपन्नमध्ये तुला या खुर्चीतून उठताही येत नाही," ती म्हणाली. मग हातोडी खाली ठेवली. "पण तू मला सांग, तो पोरगा चांगला आहे का नाही? टेप राहू दे. तू रोज बघतोस त्याला."

इथे क्लिओ अडकला. कारण तो खरंच रोज बघत होता. ताऱ्यांचं त्याला कळत नव्हतं, पण त्याचं स्वतःचं एक माप होतं. सराव संपताना कोच पोरांना आडवं पळवतो: रेघेपर्यंत जायचं, हात लावायचा, वळायचं, परत. दमलेलं पोरगं रेघेच्या एक पाऊल अलीकडूनच वळतं. कोचला दिसत नाही. रेघ मारणाऱ्याला दिसतं. कोण हात लावतो आणि कोण नाही, यावरून क्लिओने आजवर बारा-पंधरा पोरांबद्दल मनाशी अंदाज बांधले होते आणि बहुतेक खरे निघाले होते.

ट्रेमेन सोमवारी रेघेला हात लावायचा. गुरुवारी लावायचा नाही. कधी उलटं. कधी शेवटच्या फेरीत, सगळे वाकलेले असताना, हा एकटा हात लावून जमिनीवरचं गवत उपटून आणायचा. दुसऱ्या दिवशी तीन पावलं अलीकडून वळायचा आणि हसायचा. तीन वर्षं झाली. क्लिओला त्याचा हिशेब लागला नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग कोचकडे जा. इथे माझे पेकन मोजत बसू नकोस."

*

कोच डनवुडीच्या खोलीत धुलाईयंत्र घरघरत होतं. दर सोमवारी तो पोरांच्या जर्सी स्वतः धुतो. लहानपणी तो एर्नेस्टीनच्या बसमधून शाळेत यायचा, म्हणून क्लिओ त्याला एकेरीत बोलतो.

"कोच, पट्टा चार फूट आखूड आहे."

"कुठला पट्टा?"

"ज्यावर तो चार-अडतीस पळाला."

कोचने धुलाईयंत्र बंद केलं. दार लावलं. मग क्लिओच्या बुटांकडे बघितलं.

"मिस्टर क्लिओ, तुम्हाला मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"एप्रिलमध्ये तूच."

"एप्रिलमध्ये नाही हो. आत्ता."

 कोचने खुर्ची ओढली.

"हे बघा. त्या दिवशी तीन घड्याळं होती. एक माझं. एक डेव्हिस सरांचं, ते विज्ञान शिकवतात, त्यांचं बोट हळू. एक त्या विमा एजंटाचं, तो तर पोरगा सुटायच्या आधीच दाबतो. आकडे आले चार-अडतीस, चार-चव्वेचाळीस, चार-एकोणपन्नास. मी कुठला पाठवला असेल?"

"अडतीस."

"सगळी गावं तेच करतात. सगळ्या कोचांचे अंगठे शेवटच्या रेघेला थोडे लवकर दाबतात. तुमची टेप थोडी आखूड निघाली. मग? शर्यत सारखीच झाली की."

"सारखी कशी? दुसऱ्या गावांचे पट्टे पूर्ण आहेत."

"तुम्ही मोजलेत?"

क्लिओने मोजले नव्हते. तो गोंधळला. जर बाकीचे पट्टेही आखूड असतील तर त्याची चूक चूक उरत नव्हती, आणि तसं झालेलंही त्याला आवडत नव्हतं.

"मग तो खरा पळतो किती?" त्याने विचारलं.

"वेगात पळतो," कोच म्हणाला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

*

गुरुवारी लाल टोपीवाल्यांचा माणूस आला. ब्रेंट हॅस्केल. चाळिशीचा, उन्हाने नाक सोललेलं, भाड्याची पांढरी गाडी. पेट्रोल पंपावर उभा राहून शेंगा खात होता आणि टरफलं कागदी पेल्यात नीट गोळा करत होता. ते क्लिओला बरं वाटलं. तो जवळ गेला आणि टोपी काढून सगळं सांगून टाकलं. पट्टा, टेप, दोन आणि दोन चार.

हॅस्केल हसला. वाईट हसला नाही.

"तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत, साहेब. पण आम्हाला माहीत आहे."

"टेपचं?"

"टेपचं नाही. जूनमध्ये पोरगा आमच्या शिबिरात आला होता ना? तिथे वेळ यंत्र घेतं, अंगठा नाही. चार-बावन्न."

"त्याला सांगितलंत?"

"आम्ही पोरांना आकडे सांगत नाही."

क्लिओने एक शेंग घेतली कारण हॅस्केलने पेला पुढे केला होता. "मग पाच तारे कसे?"

"तारे आम्ही देत नाही."

"पण तुम्ही त्यासाठीच येता."

"आम्ही येतो म्हणून ते तारे देतात. ते तारे देतात म्हणून बाकीचे येतात. बाकीचे येतात म्हणून माझा साहेब मला पुन्हा पाठवतो." त्याने टरफल पेल्यात टाकलं. "निळेवाले त्याच्या मागे आहेत, हे तर खरं? हे पोरगं दुसऱ्याकडे गेलं आणि तिथे चमकलं, तर माझी नोकरी जाते. आमच्याकडे येऊन बसून राहिलं तर कुणी विचारत नाही."

"म्हणजे तुम्हाला तो हवाय की नकोय?"

"हवाय! हात लांब आहेत त्याचे. वळतो छान." हॅस्केल जरा थांबला. "साहेब, गेल्या वर्षी मी दोन पाच-तारेवाले आणले. एक आता मामाच्या गोदामात सामान उचलतो. ज्याला कुणी तारा दिला नव्हता तो पहिल्या अकरात खेळतोय. मला कळत असतं तर मी वर्षातले दोनशे दिवस मोटेलात झोपलो असतो का?"

गाडीत बसताना त्याने काच खाली केली. "पोराला सांगू नका. ज्याला वाटतं आपण चार-अडतीस आहोत, तो तसा पळतो."

क्लिओ तिथेच उभा राहिला. गाडी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की शेंग अजून हातातच आहे.

हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि तरी त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य पकडून उभं राहता येत नव्हतं. कारखान्यात पाइप गळत असेल तर मागे मागे जात जोड सापडतो. इथे मागे मागे गेलं की माणूस पुन्हा पुढेच येत होता.

*

शनिवारी सकाळी ट्रेमेन पट्ट्यावर आला. क्लिओने निरोप पाठवला होता. पोरगा सहा फुटांहून उंच, खांदे अजून भरायचे, डोक्यावर विणलेली टोपी, आणि तोंडात अंडा-बिस्किट, म्हणजे अंडं भरलेला मऊ पाव.

"काय मिस्टर क्लिओ, रंग लावायला घेताय का मला? आई म्हणते शनिवारी काम केलं तर हात गळून पडतात."

"तुझ्या आईचे शनिवारीच चालू असतात ना?"

"म्हणूनच म्हणते."

क्लिओने त्याला शेवटच्या रेघेवर उभं केलं, टेप दाखवली आणि सांगितलं. पोरगा चावायचा थांबला.

"म्हणजे मी चार-अडतीस नाही?"

"माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"लाल टोपीवाला म्हणतो, जूनमध्ये यंत्राने चार-बावन्न आले. त्याला तेव्हापासून माहीत आहे. तरी तो येतोय."

ट्रेमेन खाली बसला. बिस्किट कागदात गुंडाळलं, खिशात ठेवलं. रेघेवरचा उरलेला रंग नखाने खरवडत राहिला. क्लिओला वाटलं, हा रडणार. मग वाटलं, हा आपल्याला शिवी देणार. दोन्ही झालं नाही.

"मोजा," पोरगा म्हणाला. "माझ्यासमोर मोजा."

क्लिओने मुद्दाम जुनी टेप काढली. पोराच्या हातात टोक दिलं. "दोनच्या आकड्यावर धर. मी ओरडेन, दोन खाल्ले. तूही तेच ओरडायचं. नाही ओरडलास तर मी खूण करणार नाही."

"का?"

"कारण मी एकटा असलो की विसरतो."

त्याने टेप ताणली. "दोन खाल्ले!"

"दोन खाल्ले!" पोरगा ओरडला, आणि त्याला हसू आलं. "मिस्टर क्लिओ, हे दोन तुम्ही एप्रिलमध्ये खाल्लेत होय!"

"चार," क्लिओ म्हणाला. "दुसऱ्यांदाही धर."

खूण झाली. खडूची रेघ ओढली. पोरगा पाच वेळा पळाला. थंडी होती, पोटात अंडा-बिस्किट होतं, बूट साधे होते, आणि घड्याळ क्लिओच्या सत्तरीतल्या अंगठ्याखाली होतं. चार-अठ्ठावन्न. चार-एकेचाळीस. चार-पंचावन्न. चार-बासष्ट. चार-सत्तेचाळीस.

ट्रेमेन गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. "यातला माझा कुठला?"

क्लिओने पाचही आकडे पत्रकामागे एकाखाली एक लिहिले. दुसऱ्या फेरीत त्याने घड्याळ लवकर दाबलं होतं का? चौथ्यात पोरगा आळसला होता का? चौथ्यात नक्कीच शेवटचे तीन यार्ड सोडून दिले होते. पण दुसऱ्यात तो रेघ ओलांडून कुंपणाला जाऊन आपटला होता.

"चौथ्याला तू सैल सोडलंस."

"तुम्हाला दिसलं?"

"मला नेहमी दिसतं."

पोरगा पुन्हा सुरुवातीच्या रेघेकडे निघाला. मग म्हणाला, "आणखी एकदा घ्या." सहाव्या वेळी क्लिओचं घड्याळ अडकलं आणि आकडाच आला नाही. पोरगा जीव तोडून पळाला होता. क्लिओने ते पाहिलं होतं, पण कागदावर लिहायला काही नव्हतं.

*

बुधवारी जिम भरलं होतं. व्हर्नेटाने लाल-निळा दोन्ही रंग असलेला झगा घातला होता, म्हणजे कुणाला काही कळू नये. टेबलावर दोन टोप्या. कॉलेजच्या माणसांनी सहीला यायचं नाही असा नियम, म्हणून हॅस्केल आला नव्हता. निळ्यांचंही कुणी नव्हतं. चर्चचे लोक, शाळेचे लोक, पेट्रोल पंपाचा मालक, सगळे.

क्लिओ भिंतीला टेकून उभा होता. पोरगा कुठली उचलेल यावर त्याने चार दिवस विचार केला होता. त्याला वाटत होतं, निळी. निळी उचलली तर आपण सांगितल्यामुळे उचलली. मग ते बरं की वाईट? पाच ताऱ्यांचं दार आपण बंद केलं, की पोराला खड्ड्यातून वाचवलं? दोन्ही बाजूंनी विचार केला तरी शेवट एकाच भिंतीशी येत होता.

ट्रेमेनने निळी टोपी हातात घेतली. जिममध्ये हूं झालं. मग ती खाली ठेवली आणि लाल घातली. बाकं दणाणली. व्हर्नेटा रडली. पेट्रोल पंपाचा मालक दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत राहिला.

केक कापताना क्लिओ पुढे गेला.

"लाल का रे?"

"तुमच्यामुळेच," पोरगा म्हणाला. डोळे चमकत होते. "तुम्ही सांगितलंत ना, त्याला जूनपासून चार-बावन्न माहीत आहे आणि तरी तो येतोय. म्हणजे त्याला आकडा नकोय. मी हवाय."

क्लिओच्या हातातली कागदी बशी वाकली. हॅस्केलचं दुसरं वाक्य त्याने पोराला सांगितलंच नव्हतं. निळेवाले मागे आहेत म्हणून. दुसऱ्याकडे गेलं तर माझी नोकरी जाते म्हणून. मुद्दाम लपवलं नव्हतं. सांगताना ते राहिलं. याही वेळी अर्धंच मोजलं होतं, आणि पलीकडून कुणी ओरडलं नव्हतं.

"ट्रेमेन, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. कागदावर सही अजून व्हायची होती, पेन टेबलावर होतं. त्याने पोराला बाजूला घेतलं आणि सांगितलं. निळेवाले आहेत म्हणून तो येतोय.

ट्रेमेनने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "निळेवाले सप्टेंबरातच गार पडले, मिस्टर क्लिओ. फोनही उचलत नाहीत."

"मग ती टोपी?"

"आईने दुकानातून आणली."

"मग हॅस्केलला कुणी सांगितलं ते मागे आहेत म्हणून?"

"मीच."

"खोटं?"

"कोच म्हणाले, सांग. दोघे असले की तिसरा येतो म्हणाले."

क्लिओने कोच डनवुडीकडे बघितलं. कोच व्हर्नेटाला केकचा मोठा तुकडा वाढत होता.

"म्हणजे तुला नक्की कोण बोलावतंय?"

पोराने लाल टोपी डोक्यावरून काढली, आतली शिवण बघितली, परत घातली. क्षणभर तो गुरुवारचा ट्रेमेन दिसला, मग सोमवारचा.

"ते तिथे गेल्यावर कळेल," तो म्हणाला आणि सही करायला गेला. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

*

जानेवारीत पोरगा गेला. त्यानंतर बातम्या आल्या. पोस्टमास्तर म्हणाला, पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या पुढे आहे. न्हावी म्हणाला, मांडीचा स्नायू धरलाय, बसून आहे. व्हर्नेटा म्हणाली, जेवण चांगलं आहे म्हणतो. क्लिओने तिघांचंही ऐकून घेतलं.

मार्चमध्ये त्याने जुन्या रेघेवर काळा रंग मारला आणि नवी रेघ ओढली. टेपचं दुसरं टोक कोचला धरायला लावलं.

"दोन खाल्ले!"

"काय?" कोच ओरडला.

"मी म्हणतो तेच परत म्हणायचं!"

"का?"

"म्हण!"

"दोन खाल्ले," कोच म्हणाला, आणि क्लिओने खूण केली. नव्या टेपनेही मोजलं. एकशे वीस. वर केसाइतकंही नाही.

डांबरावर काळा रंग दोन पावसांत उडाला. खालची पांढरी रेघ पुन्हा डोकवायला लागली. एप्रिलमध्ये वेळ घ्यायच्या दिवशी तिथे दोन शेवट होते, एक खरा आणि एक चार फूट अलीकडे. नवीन पोरं रांगेत उभी राहिली. कोच घड्याळ घेऊन नव्या रेघेवर गेला.

रांगेतला पहिला पोरगा जागचा हलेना.

"तिथे नाही कोच. ट्रेमेनच्या रेघेवर घ्या."

"ती चुकीची आहे."

"पण चार-अडतीस तिथेच आला ना? पाच तारे तिथेच मिळाले!"

मागून सगळी ओरडली, ट्रेमेनची रेघ, ट्रेमेनची रेघ. कोचने क्लिओकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत सरळ विचारणा होती, काय बिघडतंय? विमा एजंटाने तर घड्याळ घेऊन चार फूट अलीकडे जागाही धरली होती.

क्लिओ बाकावरून उठला. विमा एजंटाला कोपराने बाजूला केलं आणि जुन्या रेघेवर दोन्ही बूट रोवून मधोमध उभा राहिला. आता कुणाला इथेच थांबायचं तर त्याच्या अंगावर आपटावं लागणार होतं.

"बाजूने जा," तो म्हणाला. "पुढच्या रेघेपर्यंत. आणि तिथे पोचेपर्यंत सैल सोडायचं नाही. मला दिसतं."

पहिला पोरगा वाकला, बोटं रेघेला टेकवली. मग मान वर करून ओरडला.

"मिस्टर क्लिओ! पण ट्रेमेन खरा किती पळायचा हो?"

पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाशी सगळे थांबले. कोचही थांबला. क्लिओने खिशात हात घातला. पत्रक अजून होतं, पाच आकडे एकाखाली एक, सहाव्याची जागा रिकामी.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पळ आता."